वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचा बॉक्स, पंचवटीची छत्री

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही पंचवटीत राहतो. माझे धाकटे दीर अमेरिकेत असतात, ते दिवाळीला आले तेव्हा एक छोटा डिजिटल कन्व्हर्टर बॉक्स घेऊन आले, म्हणाले तिकडे ह्याला अँटेना लावायचा, पेनड्राइव्ह खोचायचा आणि टीव्हीवरचं काय हवं ते रेकॉर्ड करायचं, महिन्याला पैसे भरायची भानगड नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना रामकुंडावर गर्दीत नेणं आता शक्य नाही, म्हणून २०२७ च्या सिंहस्थाचं टीव्हीवर जे काही दाखवतील ते रेकॉर्ड करून त्यांना सावकाश दाखवायचं असं घरात ठरलंय. पण बॉक्स लावला तर एकही चॅनल सापडत नाही. बिघडलाय का तो? आणि नसेलच चालत तर स्वस्तात दुसरं काय घ्यावं?

उत्तर : ताई, बॉक्स अजिबात बिघडलेला नाही, तो फक्त ह्या गावचा नाही. अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा लोकांचे जुने टीव्ही फुकट जाऊ नयेत म्हणून असे बॉक्स घरोघरी गेले, सरकारने त्यासाठी घरटी ४० डॉलरची दोन कुपनंसुद्धा दिली होती. पुढे त्याच प्रकारच्या स्वस्त बॉक्सांना यूएसबी आलं आणि रेकॉर्डिंग पण व्हायला लागलं. पण त्यांना लागतो तो तिकडच्या टॉवरवरून येणारा एटीएससी सिग्नल, तो आपल्याकडे नाहीच, त्यामुळे गच्चीवर कितीही उंच अँटेना लावला तरी उपयोग नाही. आणि तो बॉक्स परत लावणार असाल तर अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी बघा, नुसतं १२० असेल तर आपल्या प्लगला लावूच नका, जळेल.

दिरांनी सांगितलेली गोष्ट मात्र खरी आहे आणि ती नाशकातही होते, फक्त टॉवरच्या जागी उपग्रह. दूरदर्शनची फ्री डिश घ्या. छत्री, एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी बसतो तो सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स ह्यांचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री त्यात आहेच. सिग्नल जीसॅट-१५ वरून येतो, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नाशकातून छत्रीचं तोंड आग्नेयेला पाहिजे. त्या बाजूला शेजारची बिल्डिंग किंवा नारळाचं झाड आडवं येत नाही ना एवढं डिशवाल्याला बोलवायच्या आधी स्वतः बघून ठेवा.

आता बॉक्स, आणि इथेच लोक फसतात. यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतं असं नाही, कित्येक बॉक्सात ते नुसतं गाणी-फोटो लावायला किंवा सॉफ्टवेअर अपडेटला असतं. रिमोटवर रेकॉर्डचं लाल बटण आणि मेनूत पीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंगची सोय) असं काही आहे का ते बघा, आणि तेवढ्यावरही थांबू नका. एमजी रोडला घ्या नाहीतर घराजवळ घ्या, जाताना खिशात आपला पेनड्राइव्ह न्यायचा, दुकानात छत्री जोडलेली असते तिथेच पाच मिनिटं रेकॉर्ड करायला लावायचं, लगेच तिथेच चालवून बघायचं आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर व्हीएलसी ह्या फुकट प्लेअरमध्ये पण लावून बघायचं. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, पैसे आपले जातायत.

मी एवढं आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. खासगी डीटीएचच्या बॉक्सातलं रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असतं, त्याच बॉक्सावर दिसतं, बॉक्स बदलला की गेलं. माझ्या आईने आवडीने जमवलेले कितीतरी कार्यक्रम असेच एका बॉक्सबरोबर गेले आणि ते मला आजही लागतं. साध्या फ्री-टू-एअर (म्हणजे कुलूप नसलेले फुकट चॅनल दाखवणाऱ्या) बॉक्सात बहुतेक वेळा जसा सिग्नल आला तसाच टीएस फाइल म्हणून पेनड्राइव्हवर उतरतो, म्हणजे क्वालिटी जेवढी टीव्हीवर तेवढीच आणि फाइल तुमची, कॉपी करून दोन ठिकाणी ठेवता येते. साध्या चॅनलचा एक तास साधारण एक ते दोन जीबी धरा.

टायमर लावताना घड्याळ तपासा. बॉक्स वेळ सिग्नलमधून घेतो पण टाइम झोन आपल्याला भरावा लागतो, +५:३०. मी पहिल्यांदा तो शून्यावरच ठेवला होता, संध्याकाळी ७ च्या बातम्या लावल्या आणि रेकॉर्डिंग सुरू झालं रात्री साडेबाराला! आणि टायमर लावून भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, बॉक्स रिमोटनेच स्टँडबायला टाकायचा, घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा कारण झोपताना बटणं बंद करत फिरणारं कोणीतरी असतंच.

अजून एक, तुमच्या बाबतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं. सिंहस्थातली मोठी स्नानं श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतात, २०१५ ला पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला होतं, म्हणजे ऐन पावसाळा. छत्रीचा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, जोराच्या सरीत तो पडतो आणि तेवढा वेळ रेकॉर्डिंगमध्ये चौकोन नाहीतर काळा पडदा येतो. हे पूर्ण टळत नाही पण छत्री अगदी काटेकोर लावली असेल तर बराच पाऊस निभतो. म्हणून डिशवाला चित्र दिसलं की निघायच्या घाईत असेल तर त्याला थांबवा, मेनूतली सिग्नल क्वालिटीची पट्टी उघडायला सांगा आणि ती आणखी वर जात नाही तोपर्यंत छत्री हलवायला लावा, मग नट घट्ट करून घ्या. लाइट जायची धास्ती असेल तर बॉक्स इन्व्हर्टरवर घ्या, त्याला वीज फार लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे असाच फ्री डिशचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावलाय, तरी लांबलचक कार्यक्रम तीनेक तासांनी आपोआप थांबतो. जागा तर भरपूर शिल्लक असते. (सिडको)

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२ ह्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला दिसतोय, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. काही बॉक्स तिथे फाइल तोडून पुढची सुरू करतात, तुमचा थांबतोय. आतलं सगळं आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या आणि बॉक्स घेत असेल तर एनटीएफएसमध्ये (त्यात ही ४ जीबीची अडचण नाही) फॉरमॅट करा, नसेल घेत तर टायमर दोन-दोन तासांचे तुकडे करून लावा. रेकॉर्डिंग अडखळत असेल तर पेनड्राइव्ह स्लो आहे, तो बदला. हार्ड डिस्क लावायची असेल तर तिला वेगळा पॉवर सप्लाय द्या, ह्या छोट्या बॉक्सांना तिचा भार बऱ्याचदा झेपत नाही.

प्रश्न : एक चॅनल रेकॉर्ड होत असताना दुसरा बघता येतो का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : ह्या बॉक्सांत सहसा एकच ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग) असतो, त्यामुळे दोन्ही चॅनल एकाच ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या चॅनलांच्या एकाच गठ्ठ्यात) असले तर काही बॉक्सांत जमतं, एरवी नाही. रेकॉर्डिंग चालू असताना कोणी चॅनल बदलायला गेलं तर बॉक्स विचारतो रेकॉर्डिंग थांबवू का, तिथे घाईत ओके दाबलं की संपलं, म्हणून महत्त्वाचं काही चालू असेल तर रिमोट उचलून कपाटात ठेवा.