खाऱ्या पाण्याच्या टाकीतील टँग माशावर पांढरे ठिपके आले आहेत. हीटर ३० अंशांवर ठेवला तर जातील का?

ठिपके जातील, रोग राहील. प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे एवढेच आहे. परंतु हीटर वाढवण्याचा हाच उपाय काही वर्षांपूर्वी कोथरूडमधील आमच्या घरी माझ्या परस्पर करण्यात आला आणि त्यात माझा पावडर ब्लू टँग गेला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे साडू तीस वर्षे गोड्या पाण्यातील मासे पाळत आले आहेत. एंजल, डिस्कस, गोल्डफिश असे सगळे त्यांच्याकडे सुखाने नांदतात आणि त्यांच्या हाताला गुण आहे, हे मी कधीच नाकारले नाही. त्या डिसेंबरात मी कामानिमित्त चार दिवस नागपूरला असताना टँगच्या परांवर मिठाच्या कणांएवढे दहा-बारा ठिपके दिसले, सौभाग्यवतींनी घाबरून साडूंना बोलावले आणि त्यांनी आल्या आल्या हीटर २६ वरून ३० अंशांवर नेला. मी फोनवर विरोध केला, तेव्हा ‘अहो, मासा तो मासा, पाणी गोडं असो नाहीतर खारं,’ असे मला ऐकवण्यात आले. मी परतलो तेव्हा टँगच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. ही हकिकत साडूंनी पुढे दोन लग्नांत आणि एका मुंजीत सांगितली. साधारण दहा दिवसांनी त्याच माशावर इतके ठिपके आले की मोजणे शक्य नव्हते, आणि सोबतच्या दोन क्लाउनफिशवरही ते दिसू लागले, हा भाग मात्र त्यांच्या हकिकतीत कधी आला नाही.

दोन्ही पाण्यांत या रोगाला सर्रास ‘इक’ म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. गोड्या पाण्यातील इक इक्थिओफ्थिरियस या जीवामुळे होतो. त्याला उष्णता आणि मीठ दोन्ही सोसत नाहीत, त्यामुळे साडूंचा उपाय त्यांच्या टाकीत अगदी योग्य आहे. समुद्री इक क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या वेगळ्याच जीवामुळे होतो. जो उष्ण कटिबंधातील समुद्रातच वाढला, त्याला ३० अंशांचे काय भय? तो माशाच्या त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसतो, मग आपणहून गळून वाळूवर किंवा दगडावर कोष करतो आणि त्या कोषातून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, शेकडो नवे जीव माशाच्या शोधात बाहेर पडतात. मधल्या काळात मासा स्वच्छ दिसतो आणि ज्याने शेवटचा जो काही उपाय केला असेल, त्याला त्याचे श्रेय मिळते. शिवाय पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि ज्या माशाचे कल्ले या रोगाने आधीच सुजलेले आहेत, त्याची अडचण वाढते.

ठिपके नक्की कसे आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. खोलीतील दिवे मालवा आणि टॉर्चचा झोत माशावर आडवा टाका. वेगवेगळे मोजता येतील असे पांढरे कण दिसले तर बहुधा इक आहे. पिठीसाखर भुरभुरावी तशी बारीक, पिवळसर भुकटी दिसली, मासा पॉवरहेडच्या (पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून धापा टाकत असेल आणि उजेड टाळत असेल, तर ते ‘व्हेलवेट’ हे दुसरेच दुखणे आहे आणि तुमच्या हातात दिवस नव्हे, तास आहेत. व्हेलवेट आधी कल्ल्यांवर बसते, त्यामुळे अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा मरू शकतो. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट थर सुटत असेल, तर ब्रूकलिनेला या तिसऱ्या परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर तांबे (कॉपर) असलेल्या औषधाचा उपयोग नाही, फॉर्मालिन लागते.

इक आणि व्हेलवेट या दोहोंवर माझा भरवसा या तांब्याच्या औषधावर आहे, आणि तेही वेगळ्या टाकीत. तुळशीबागेतून आणलेला प्लास्टिकचा मोठा टब, एअर पंप, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढ्यावर भागते. वाळू किंवा दगड घालू नयेत, कारण ते तांबे शोषतात. साध्या तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते; चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेल्या) तांब्याची त्याहून बरीच जास्त असते, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. तांबे मोजायचे टेस्ट किट नसेल तर औषधाची बाटली उघडूच नये. मात्रा ३० दिवस टिकवायची, अमोनिया रोज तपासायचा, आणि मूळ टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवायची, म्हणजे कोषातून निघालेल्यांना यजमान मिळत नाही. लसूण, क्लीनर श्रिम्प (माशांचे अंग साफ करणारी कोळंबी) आणि ‘रीफ सेफ’ (कोरलला निर्धोक) लिहिलेल्या बाटल्या यांवर मी पैसे घालवून झालेले आहेत. तुम्ही घालवू नका.

माझे क्लाउनफिश याच उपायाने वाचले आणि आजही आहेत. टँग उपचाराच्या तिसऱ्या दिवशी गेला. त्याला तुमच्या तांब्याने मारले, असे साडू आजतागायत म्हणतात. त्याला त्या वाया गेलेल्या दोन आठवड्यांनी मारले, असे माझे म्हणणे आहे. मात्र तांब्याची मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवायची असते आणि मी ती पहिल्याच संध्याकाळी पूर्ण केली होती, हे इथे नमूद केले पाहिजे. साडूंसमोर ते मी अद्याप नमूद केलेले नाही.

तुमच्या मूळ टाकीत कोरल, कोळंबी किंवा गोगलगायी असतील, तर तांब्याचा एक थेंबही तिथे जाऊ देऊ नका. टबात वापरलेली जाळी आणि मगसुद्धा वेगळे ठेवा. आणि हीटर वाढवलाच असेल, तर तो आज रात्रीच पुन्हा २६ वर आणा, पण एकदम नको, हळूहळू.