सरकारी संरक्षणातल्या झऱ्यातूनही रेलिक्ट लेपर्ड बेडूक नाहीसा का होतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, हूवर धरणामागच्या लेक मीड जलाशयाजवळचे झरे संरक्षित असूनही तिथला हा बेडूक का घटला, आणि तो दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही का.

नुसतं कुंपण घालून हा बेडूक वाचत नाही. त्याला उघडं, उथळ पाणी लागतं. पाणकणीस आणि लव्हाळा काठापासून आत सरकत डबकं भरून टाकतात, मग अंडी घालायलाही जागा उरत नाही. पूर्वी पावसाचे लोंढे आणि चरणारी जनावरं ही दाटी मोडत. १९५०च्या दशकानंतर नामशेष मानलेला हा बेडूक १९९१मध्ये पुन्हा सापडला. त्यानंतरच्या दशकात सातपैकी दोन ठिकाणांहून तो गेला, आणि दोन्हीकडे डबकी झाडोऱ्याने भरत चालली होती. म्हणून माझ्या मते झाडोरा हाताने कापत राहणं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

त्याच्या वस्तीचा पट्टा मुळात व्हर्जिन, मडी आणि कोलोरॅडो नद्यांच्या काठचा. १९३५मध्ये हूवर धरण पूर्ण झालं, काठ बुडाले. झऱ्यांचं पाणी वळवलं गेलं. बाहेरून आणलेले बुलफ्रॉग (मोठे, खादाड बेडूक) आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी) आले. २००१च्या सुमारास तो ओव्हरटन आर्म या लेक मीडच्या फाट्याजवळचे झरे आणि धरणाखालची ब्लॅक कॅन्यन ही घळ एवढ्यातच उरला होता. प्रौढ बेडूक अंदाजे ११००.

नेऊन सोडता येतो, सोडतातही. अंडी मुख्यतः जानेवारी ते एप्रिलमध्ये मिळतात. एका पुंजक्यात अडीचशेपर्यंत. त्यातला काही भागच उचलतात. उघड्यावर बहुतेक पिल्लं खाल्ली जातात, म्हणून बेडूकमासे टाक्यांत वाढवून, मोठे झाल्यावर किंवा शेपूट जिरून छोटे बेडूक झाल्यावर सोडतात. नव्या जागी बारमाही पाणी हवं. मासे, क्रेफिश, बुलफ्रॉग नकोत. यातलं एकही असेल तर ती जागा सोडून द्यावी. बेडकांच्या कातडीला रोग करणाऱ्या कायट्रिड बुरशीचीही धास्ती असते. ती १७ ते २५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढते, त्यामुळे कोमट झरे त्यातल्या त्यात बरे.

लास व्हेगासहून याच भागातला रॉजर्स स्प्रिंग हा झरा बघायला जाणार असाल तर एवढं पाळा. तिथे लोकांनी मत्स्यालयातले मासे सोडलेत. त्यांत भर घालू नका. बुरशी पसरू नये म्हणून एका झऱ्यावरचे ओले, चिखलाचे बूट घालून दुसऱ्या झऱ्यात उतरू नका. चिखल खरवडा, ब्लीचच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.