ग्योटिंगेनला निघण्याआधी

प्रिय,

तुझा ई-मेल दोनदा वाचला. व्हिसा आला, ऑक्टोबरपासून ग्योटिंगेनला रसायनशास्त्रात पीएच.डी. सुरू होतेय, फार आनंद झाला. तू विचारलंयस, "ताई, पहिल्या दिवशी सरांसाठी काय नेऊ?" काजूकतली ने, सगळ्या गटाला पुरेल एवढी, आणि कॉफीच्या खोलीत ठेवून दे. सरांसाठी एक प्रश्न ने. त्यांचे शेवटचे दोन शोधनिबंध वाच, जे समजलं नाही ते वहीत लिहून काढ आणि समोर बसून विचार.

हे इतक्या आग्रहाने सांगतेय, कारण जर्मनीतले माझे पहिले सहा महिने मी वाट बघण्यात घालवले. पुण्यात एम.एस्सी. करताना सर रोज प्रयोगशाळेत चक्कर मारायचे, पुढे काय करायचं ते सांगायचे. तिथे कुणी चक्कर मारेना. मला वाटायचं, बोलावतील तेव्हा सांगू. एक मापन सारखं बिघडत होतं, आलेखात नको तिथे एक शिखर दिसायचं. तेरा आठवडे मी एकटीच त्याच्याशी झगडले. शेवटी एक दिवस कॉफी घेताना शेजारच्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी. झालेल्या संशोधकाला, सहज बोलले. त्याने दहा मिनिटांत दाखवलं, की नमुन्याच्या बाटलीच्या झाकणातलं अस्तर द्रावकात विरघळतंय. प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. "विचारलं का नाहीस?" एवढंच म्हणाले. त्यांना मनापासून वाटत होतं, की ही काही विचारत नाही म्हणजे हिचं छान चाललंय.

आपल्याकडे गप्प बसलेला विद्यार्थी नम्र समजतात. तिथे त्याचा अर्थ एकच, अडचण नाही. तुझी अडचण कुणी ओळखेल याची वाट बघू नकोस. दर आठवड्याला अर्धा तास मागून घे. भेट झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ई-मेल पाठव: काय ठरलं, पुढच्या भेटीपर्यंत काय करणार, कुठे अडलंय. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी पुन्हा पाठव, त्यात उद्धटपणा काही नाही.

गटाच्या सेमिनारमध्ये तुझं बोलून झालं की सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतील. ती त्यांची टाळी. आणि लगेच पहिला माणूस म्हणेल, "तिसऱ्या आलेखावर माझा विश्वास बसत नाही." मला कुणी असं म्हणालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अर्ध्या तासाने तोच माणूस जेवायला मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, चल म्हणाला. शंका आलेखावर होती, माझ्यावर नव्हती, हे पचायला मला वर्ष लागलं. तुला तेवढं लागू नये.

आणि हे काही परकं नाही गं. तुझ्या विद्यापीठात १८८२ नंतर फ्रांत्स कीलहॉर्न संस्कृत शिकवत. त्याआधी पंधरा वर्षं ते आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. पतंजलीच्या व्याकरणावरच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही प्रमाण मानतात. त्या महाभाष्याची घडण बघ: कुणी शंका काढतो, कुणी अर्धवट उत्तर देतो, त्यावर पुन्हा आक्षेप, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, भक्कम मांडल्याशिवाय आपल्या शास्त्र्यांचं पाऊल पुढे पडत नसे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये याच ग्योटिंगेनने डॉक्टरेट दिली, तेही दुसऱ्याचं म्हणणं तपासल्याशिवाय न मानणारे. तेव्हा "मला हे पटत नाही" म्हणताना आपण काही मर्यादा सोडतोय असं वाटून घेऊ नकोस. फक्त "का पटत नाही" ते सोबत असू दे.

आता कराराचं. तुझ्या करारात ६५ टक्के लिहिलंय म्हणून तू घाबरलीस. पगार ६५ टक्क्यांचा आणि अपेक्षा पूर्ण वेळाची, हे तिथे विज्ञान शाखांत सर्रास चालतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण त्याहून जास्त लक्ष मुदतीकडे दे. २००७ च्या कायद्यानुसार विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकरीला ढोबळमानाने पीएच.डी.आधी ६ वर्षं आणि नंतर ६ वर्षं मिळतात. तोवर कायम जागा मिळाली नाही, तर बहुतेकांना वाट बदलावी लागते. तो कायदा समजावायला सरकारी मंत्रालयाने एक व्हिडिओ केला होता, त्यातल्या काल्पनिक संशोधिकेचं नाव हाना. २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी "इश बिन हाना", म्हणजे "मीच हाना", असं लिहून आपापल्या तुटक करारांच्या कहाण्या मांडल्या. त्या वाच. त्यातून एवढंच घे, की "नंतर काय" हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारायचा नसतो. दुसऱ्या वर्षी सल्लागार समितीची बैठक होईल, तिथेच काढ. करार संपायला सहा महिने असताना मुदतवाढीचं लेखी विचार. परदेशी माणसाचा निवासाचा परवाना त्याच कागदावर टांगलेला असतो, त्यामुळे तोंडी "होईल, होईल" वर विसंबू नकोस.

शोधनिबंधावर नाव कुणाचं, कितव्या क्रमांकावर, हेसुद्धा काम सुरू होतानाच विचार. एका संयुक्त कामात माझं वर्षभराचं मोजमाप वापरलं गेलं आणि माझं नाव आभारांत गेलं. मी आधी विचारलंच नव्हतं. ग्योटिंगेनमध्ये तर गणितज्ञ एमी न्योटरची गोष्ट प्रत्येक पिढी ऐकते. १९१५ मध्ये ती तिथे आली, पण बाई म्हणून तिला अध्यापनाची परवानगी मिळेना. १९१९ पर्यंत तिची व्याख्यानं तिथल्याच गणिताच्या प्राध्यापक हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत. नाव ही क्षुल्लक गोष्ट आहे असं तुला कुणी सांगितलं, तर तिला आठव. प्रयोगवहीत रोज तारीख घालून लिही. काही बिनसलंच तर प्रत्येक विद्यापीठात ओम्बुड्सपर्सन असते, गोपनीयपणे ऐकून घेणारी. तिचा पत्ता पहिल्याच आठवड्यात शोधून ठेव, गरज पडल्यावर शोधायला मन थाऱ्यावर नसतं.

वर्षाला ३० दिवसांची रजा मिळते. घे. आईबाबांना भेटायला ये, आणि आलीस की लॅपटॉप उघडू नकोस. पहिल्या डिसेंबरात चार वाजताच अंधार पडेल, तेव्हा एकटी खोलीत बसू नकोस, कुणाकडे तरी जेवायला जा किंवा कुणाला तरी बोलाव. वरणभात जर्मन लोकांना फार आवडतो.

जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, गेन्झेलीझल. प्रबंधाचा बचाव झाला की मित्र त्या नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून तिथे ओढत नेतात, मग त्या डॉक्टरने वर चढून पुतळ्याला फुलं द्यायची आणि मुका घ्यायचा. १९२६ मध्ये यावर बंदीही आली होती, ती कुणी जुमानली नाही. पोहोचलीस की एकदा बघून ये.

पहिला ग्रुप सेमिनार झाला की मला लिही. काय सादर केलंस ते राहू दे, दुसऱ्या कुणाला तू काय विचारलंस ते कळव.

तुझी,
ताई

ता. क. तुझं विमान शनिवारी रात्री उतरतंय. रविवारी तिथे दुकानं बंद असतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या बॅगेत ठेव.