रणगाड्याचे मॉडेल खेळण्यासारखे दिसू नये म्हणून वेदरिंग (वापराची झीज, गंज व मळ रंगाने दाखवणे) कसे करावे?

1/35 प्रमाणातील टी-34/85 हा सोव्हिएत रणगाडा नीट जोडून त्यावर हिरवा रंग फवारला तरी तो खेळण्यातला वाटतो, आणि गंज व चिखल लावल्यावर तर तो आणखीच बिघडला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यात हाताचा दोष नसतो. त्या गाडीवर काय काय घडले असेल हे आधी ठरवले नाही, तर मळ सगळीकडे सारखाच लागतो आणि नजरेला तेच खटकते. म्हणून ब्रश हातात घेण्यापूर्वी ऋतू आणि ठिकाण ठरवावे. येथे आपण 1944-45 चा हिवाळा धरू.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. या मॉडेलवरचा 1 मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 3.5 सेंटिमीटर, त्यामुळे ब्रशने सहज उमटवलेला ठिपका खऱ्या गाडीवर भलामोठा पोपडा ठरतो. (हे प्रमाण कोणत्याही लष्करी हिशेबातून आलेले नाही, तामिया या जपानी मॉडेल कंपनीने 1961 मध्ये पँथर रणगाड्याचा संच काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ते ठरले.) रंग निघालेल्या जागा दाखवायच्या असतील, तर भांडी घासण्याच्या स्पंजचा बारीक तुकडा चिमट्यात धरावा, गडद तपकिरी रंगात टेकवावा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि मगच झाकणांच्या व फेंडरच्या (चाकांवरील पत्र्यांच्या) कडांना अलगद लावावा. नारिंगी गंज जपून वापरावा; आघाडीवरचे टी-34 बहुधा जुने होण्याइतके टिकतच नसत.

हिवाळी गाडीची खरी गंमत पांढऱ्या रंगात आहे. सैनिक हिरव्यावर तात्पुरता पांढरा रंग मारत आणि तो पावसाने, बर्फाने, बुटांनी झिजत जाई. तेच मॉडेलवर घडवता येते. हिरवा अॅक्रिलिक पूर्ण वाळल्यावर ग्लॉस वार्निश देऊन डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) लावावेत, त्यावर पुन्हा वार्निश द्यावे, मग साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ थर मारून वर पातळ पांढरा अॅक्रिलिक फवारावा. तो हाताला कोरडा लागला की फार वेळ न दवडता ओल्या, आखूड केसांच्या ब्रशने घासावे. खालचा हेअरस्प्रे पाण्याने सुटतो आणि पांढरा रंग त्याच्याबरोबर निघतो. कुठे घासायचे, याचे उत्तर गाडीच देते: टी-34 वर पायदळाचे जवान बसून जात, म्हणून बाजूच्या दांड्यांभोवती, इंजिनाच्या झाकणावर आणि टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) झडपांपाशी पांढरा रंग जवळपास उरू नये, तर कोणाचा हात पोहोचत नाही अशा सपाट भागांवर तो दाट राहावा. यानंतर मॅट वार्निश द्यावे. मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात लॅकर वार्निश मात्र फवारू नये; हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढरट साय धरते.

वॉशसाठी, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ गडद रंगासाठी, चित्रकारांचा बर्न्ट अंबर तैलरंग पुरतो. तो आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवावा, म्हणजे जादा तेल शोषले जाते, आणि मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बोल्टांभोवती व सांध्यांत सोडावा. पूर्ण वाळलेल्या अॅक्रिलिकला टर्पेंटाइन सहसा धक्का लावत नाही, लॅकर थिनर मात्र लावतो. चिखलाचे पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) शेवटी, चाकांपासून वर विरळ होत जाईल असे लावून टर्पेंटाइनच्या थेंबांनी बसवावे. त्यावर वार्निश मारल्यास धुळीचा फिकेपणा नाहीसा होतो. चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग मऊ पेन्सिलीने चोळला की घासलेल्या लोखंडाची चमक येते.

जमल्यास अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहावे. तेथील रंगाकडे लक्ष देऊ नये, कारण संग्रहालयातील गाड्या पुन्हा पुन्हा रंगवलेल्या असतात. वेल्डिंगच्या रेषा, पट्ट्यांच्या कड्या आणि ओतीव पोलादाचा खडबडीतपणा मात्र जवळून टिपावा. आपल्या टी-34/85 चा टरेटही ओतीवच आहे, आणि संचात तो गुळगुळीत आला असेल तर प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) आधी पातळ केलेली पुट्टी ताठ ब्रशने त्यावर ठोकून घ्यावी.