वाचकांचे प्रश्न, फादरांची उत्तरं : शनिवारी निघायचं, रविवारी परतायचं

(टांझानियातल्या डोडोमा भागात अकरा वर्षं राहत असलेल्या वसईच्या एका फादरांचं छोटं पत्र गेल्या अंकात आलं होतं. दर शनिवार-रविवार आपण खेड्यातल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, जातो, एवढंच त्यात होतं. त्यावर आलेले काही प्रश्न आम्ही त्यांना पाठवले.)

प्रश्न : दर आठवड्याला वेगळ्या गावी का जावं लागतं? प्रत्येक देवळाला आपला फादर नाही?

उत्तर : कुठून असणार! आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मुख्य देवळाखेरीज अकरा खेड्यांत छोटी देवळं आहेत, 'किगांगो' म्हणतात त्यांना. फादर आम्ही दोघे. एक जण मुख्य देवळात थांबतो, दुसरा गाडी काढतो. चर्चच्या नियमाप्रमाणे रविवारी निकड असली तरी एका फादरने फार तर तीन मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या उपासना, करायच्या. इथले रस्ते पाहता दोन झाल्या तरी खूप. म्हणजे एकेका गावाची पाळी पाच-सहा आठवड्यांनी येते.

मग मधले रविवार? ते कातेकिस्ता सांभाळतो. हा गावातलाच शेतकरी. प्रार्थना चालवतो, शुभवर्तमान वाचतो, मुलांना धर्मशिक्षण देतो, आजाऱ्यांकडे जातो आणि कुणी गेलं तर पुरतोही तोच. लोक त्याला 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना अख्खा देश ज्या नावाने ओळखतो तेच. मी पोचलो की आमचा म्वालिमू शाळेची चौरेघी वही उघडतो. आजारी सात, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) चार, लग्न एक, मयत तीन. प्रत्येक नावापुढे घर कुठे ते लिहिलेलं असतं: 'मोठ्या म्बुयूच्या पलीकडे', 'विहिरीजवळ'. म्बुयू म्हणजे आपली गोरखचिंच. इथे ती एवढी आहे की पत्ते तिच्यावरूनच सांगतात. खरं सांगायचं तर देऊळ त्या वहीवर चालतं. मी पाहुणा.

प्रश्न : प्रवास कसा करता? जंगली जनावरांची भीती वाटत नाही?

उत्तर : सिंहांबद्दल सगळेच विचारतात. अकरा वर्षांत एकही दिसलेला नाही. भीती वाटते ती वाळूची आणि चिखलाची. उन्हाळ्यात कोरोंगो, म्हणजे कोरडे ओढे, चाक गिळतात. डिसेंबर ते एप्रिल पाऊस, आणि काही पट्ट्यांत चक्क आपल्यासारखी काळी माती. ती भिजली की पिकअप ठेवायची आणि पिकीपिकीवर, म्हणजे मोटारसायकलवर, मागे बसायचं. मिस्सेची पेटी मांडीवर. पेटीत कॅलिस म्हणजे मिस्सेचा पेला, ओस्त्या म्हणजे भाकरीच्या पातळ चकत्या, द्राक्षरसाची बाटली आणि एक फडकं. त्या फडक्याशिवाय बाटली किणकिणत राहते आणि चालवणारा पोरगा दर वेळी हसतो. द्राक्षं डोडोमातही होतात, वर्षातून दोन बहर.

प्रश्न : भाषा कशी जमली?

उत्तर : इथली किस्वाहिली मराठी माणसाला अर्धी ओळखीची वाटते. गारी, दुका, पेसा, चपाती, चाय, हेसाबू. आंब्याला एम्बे म्हणतात. या ओळखीनेच घात केला. पहिल्या वर्षी म्वालिमूने फोनवर मिस्सेची वेळ सांगितली, 'सा तातू'. तातू म्हणजे तीन. मी जेवून, आरामात दुपारी तीनला पोचलो. देवळात माणसं बसलेलीच होती, गात होती. किस्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'सा तातू' म्हणजे सकाळचे नऊ. सहा तास! रागवलं कुणीच नाही. एका आजीने फक्त विचारलं, 'वाटेत गाडी फसली का?' मी 'हो' म्हणालो. फादर असून खोटं बोललो, आणि त्याचं पापनिवेदन पुढच्याच आठवड्यात केलं.

प्रश्न : इतक्या गरीब लोकांकडून दान घेणं तुम्हाला बरं वाटतं का?

उत्तर : हा प्रश्न मीही एकेकाळी म्वालिमूला विचारला होता. तो दुखावला. 'आमच्याकडे द्यायला काही नाही असं वाटतं का, पाद्रे?'

इथे अर्पणाच्या वेळी रांग नाचत येते. कुणी नाणी टाकतं, कुणी बाजरीचं पायलीभर धान्य, कुणी भुईमूग, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी असतेच. मिस्सा संपली की बाहेर झाडाखाली या वस्तूंचा लिलाव होतो, त्याला म्नादा म्हणतात. परवा एका पोरीने आणलेलं एक अंडं आलं. बाजारात त्याचे तीन-चारशे शिलिंग. बोली पाचशेवर गेली. घेणाऱ्याने पैसे दिले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं, 'पुन्हा विका.' दुसऱ्याने सातशेला घेतलं आणि त्यानेही परत ठेवलं. तिसऱ्या फेरीत ते एका म्हाताऱ्याने हजाराला घेऊन त्याच पोरीच्या हातात दिलं. बायकांनी जिभा हलवून अशी किलकारी काढली की कोंबडी दोर सोडून पळाली. तीन फेऱ्या मिळून बावीसशे शिलिंग. त्यातून पत्र्याचे खिळे आले.

प्रश्न : तुम्ही धर्मांतर करता का? स्पष्ट सांगा.

उत्तर : मी जातो ती बहुतेक घरं माझ्या आधीपासूनची ख्रिस्ती आहेत, काहींत तिसरी पिढी. या देशाच्या मुख्य भूमीवर कॅथलिक मिशन 1868 मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला आलं. प्रौढांपैकी कुणी स्नानसंस्कार मागितला तर म्वालिमू त्याला आधी बराच काळ शिकवतो, आणि घाई करणाऱ्याला तोच थांबवतो. जेवण, औषध यांच्या बदल्यात नाव लिहून घेणारा मी नाही. तसं करणाऱ्यांचा मलाही राग येतो.

प्रश्न : तिथे जेवता काय?

उत्तर : बाजरी किंवा ज्वारीच्या पिठाचा घट्ट उगाली, सोबत म्लेंदा, ही बुळबुळीत रानभाजी. भेंडी आवडत नसेल तर जपून. बाजरी आपली वाटते, पण ती मूळची आफ्रिकेची. भाकरी थापून दाखवली तर घरातल्या बाईने चव घेतली आणि म्हणाली, 'अजून शिजायची आहे.'

प्रश्न : तुमचं प्रवचन लोकांना समजतं का?

उत्तर : तरुणांना समजतं. म्हाताऱ्यांना किगोगो ही इथल्या गोगो लोकांची भाषाच येते, म्हणून माझं झाल्यावर म्वालिमू त्या भाषेत सांगतो. माझी बारा मिनिटं, त्याची वीस. आणि मी जिथे विनोद केलेला नसतो तिथे अख्खं देऊळ हसतं. एकदा परतताना मी विचारलं, मध्ये काय घालतोस? तो सायकलच्या हँडलवर हात ठेवून म्हणाला, 'काही नाही पाद्रे, तुम्ही सांगितलं तेच.'