मॉर्मन चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारलं जायचं, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. मॉर्मन चर्च म्हणजे अमेरिकेत जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ, आणि तिथे ही बंदी होती 1852 ते 1978 अशी जवळपास सव्वाशे वर्षं. या चर्चमध्ये पौरोहित्य मोजक्या पाद्र्यांपुरतं नसतं, साध्या घरातल्या मुलग्यांनाही ते बाराव्या वर्षाच्या आसपास मिळतं. त्यामुळे ही बंदी घराघरात बोचायची.

मुळात तसं नव्हतं. एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला 1836 मध्येच पौरोहित्याची दीक्षा मिळाली होती. बंदी जाहीर केली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांनी. बंदीमुळे मंदिरातले महत्त्वाचे विधीही नाकारले जायचे, म्हणून झळ कृष्णवर्णीय बायकांनाही बसली. जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय सदस्य बाईंनी या विधींसाठी वर्षानुवर्षं अर्ज केले. शेवटी 1894 मध्ये त्यांना चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाशी विधीने 'सेविका' म्हणून जोडण्यात आलं, तेही त्यांना मंदिरात न घेता, दुसऱ्या बाईला त्यांच्या जागी उभं करून! इतक्या निष्ठावान बाईचा हा अपमान मला आजही अस्वस्थ करतो.

जून 1978 मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी ईश्वरी साक्षात्कार झाल्याचं सांगून बंदी उठवली. ब्राझीलसारख्या मिश्रवंशीय देशात ती पाळणंच अवघड झालं होतं. काळी त्वचा ही ईश्वरी शापाची खूण आहे, अशी बंदीच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी कारणं चर्चने अधिकृतपणे नाकारली, पण 2013 मध्ये. जाहीर माफी मात्र मागितलेली नाही, आणि अनेक कृष्णवर्णीय सदस्यांचं दुखणं तेच आहे.