नोकरी लागते, तशी ठेचही लागते

"मॅडम, पगार ठीक आहे, त्रास म्हणावा असा नाही, पण कामात मन लागत नाही. नोकरी बदलू का?"

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं. त्यात जेमतेम दीड वर्ष नोकरी झालेली एक मुलगी होती आणि निवृत्तीला सहा वर्षं उरलेले एक अधिकारीही. कामं वेगळी, स्वभाव वेगळे, प्रश्न मात्र तोच. नोकरीच्या पेचात सापडलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात; अशा वेळी मला काही वर्षांपूर्वी आलेले एक गृहस्थ हटकून आठवतात. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांच्याबद्दल लिहिते.

वय एकेचाळीस. विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात सतरा वर्षं. पहिल्या भेटीत त्यांनी पाऊण तास न थांबता सगळा इतिहास सांगितला. माझी एक सवय आहे: पहिल्या भेटीत मी घटना फारशा लिहून घेत नाही, क्रियापदं टिपते. सहकारी या सवयीला हसतात. हसोत बापडे. काय सांगायचं हे माणूस ठरवून सांगतो, क्रियापदं मात्र नकळत तोंडून जातात.

दुसऱ्या भेटीत मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला: डावीकडे त्यांच्या बाबतीत घडलेलं, उजवीकडे त्यांनी स्वतः केलेलं. नोकरी लागली. हा विभाग मिळाला. तिकडच्या शाखेत टाकलं. बढतीत डावललं. परीक्षा द्यायची राहून गेली. अडकलो.

"हे काय?"

"तुमची सतरा वर्षं. यात 'मी केलं' असं एकही नाही."

"अडकलो आहे की," ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळी चूक माझीच, असं म्हणायचंय तुम्हाला?"

हा प्रश्न येतोच, आणि त्यात त्यांचा दोष नाही. 'जबाबदार' हा शब्द आपल्या कानावर बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावरच पडतो. पूल पडला की विचारतात, याला जबाबदार कोण? नीट उभ्या असलेल्या पुलाबद्दल कुणी तसं विचारत नाही. त्यामुळे 'करिअरची जबाबदारी घ्या' म्हटलं की माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. मी त्यांना म्हटलं, "डावललं असेल तर डावललंच आहे. ते मी खोडत नाही. या कागदाची उजवी बाजू कोरी का, एवढंच विचारतेय."

आपल्या भाषेत नोकरी लागते. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तशीच. जिथे जागा चार आणि उमेदवार चारशे, तिथे ती 'लागणं' खरंही असतं. पण लागलेल्या नोकरीत सतरा वर्षं गेल्यावरही माणूस त्याच क्रियापदात बसून राहतो, तेव्हा माझे कान टवकारतात.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "समजा बदलली नोकरी. नव्या ठिकाणी काय वेगळं हवं?" त्यांनी सहा गोष्टी लिहिल्या: पगार थोडा जास्त, घरापासून जवळ, साहेब समजूतदार, वेळेवर सुटका, बदली नको, टार्गेटचा जाच नको. सगळ्या रास्त. तरी मला फ्रेडरिक हर्झबर्ग आठवला. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या 203 इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं होतं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाईट वाटण्याच्या हकिकतींत वरिष्ठ, कंपनीची धोरणं, कामाची परिस्थिती पुन्हा पुन्हा येत होती. बरं वाटण्याच्या हकिकतींत काहीतरी पार पाडणं, त्याची कुणीतरी दखल घेणं, खुद्द काम आणि अंगावर घेतलेली जबाबदारी. म्हणजे खडा काढला की पाय दुखायचा थांबतो, पण कुठे जायचं हे त्यानं ठरत नाही. या अभ्यासावर टीकाही झाली: यश माणूस स्वतःच्या नावावर मांडतो आणि अपयश परिस्थितीच्या, मग उत्तरं अशीच येणार. टीकेत तथ्य आहे. पण माझ्यासमोरच्या यादीतल्या सहाही गोष्टी खडे काढणाऱ्या होत्या, हे काही त्या टीकेनं बदलत नव्हतं.

इथे मी एक चूक केली. त्यांना सांगितलं, तुम्हाला काय आवडतं ते आठवडाभर लिहा. ते कोरी वही घेऊन आले, वर ओशाळले. चूक माझी होती. आवड विचारली की माणूस सुट्टीच्या दिवसाकडे बघतो, गाणी, भटकंती, वाचन आठवतो आणि त्यातलं काही कामात नाही म्हणून आणखी खट्टू होतो.

मग पाचवी भेट. फोन बंद ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी ते विसरले, आणि बरंच झालं. ऑफिसातून फोन आला. "अरे, तो कागद डाव्या ड्रॉवरमध्ये आहे. झेरॉक्स काढ, मूळ प्रत परत ठेव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माफी मागितली.

"कुठला कागद?"

"काही नाही हो. यादी आहे."

मी गप्प राहिले. तेही थोडा वेळ गप्प होते, मग बोलू लागले. घरातलं कुणी गेलं की मागची माणसं दावा घेऊन येतात. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, वारसाचा ओळखीचा पुरावा, बँकेचे तपशील. अपघात असेल तर पोलिसांचे कागद वेगळे. ऑफिसात काय व्हायचं, तर एका खेपेला एकच कागद मागायचे. एक बाई चौथ्यांदा आल्या होत्या आणि पुन्हा एक कागद कमी होता. त्या रात्री यांनी घरी बसून एक पानभर यादी केली. मृत्यू घरी झाला तर काय, दवाखान्यात झाला तर काय, अपघातात झाला तर काय. साध्या शब्दांत, मोठ्या अक्षरात. सहा वर्षं सगळा विभाग त्याच पानाच्या झेरॉक्स वाटत होता.

"हे तुमच्या कामात येतं?"

"नाही. म्हणून तर सांगितलं नाही."

"मग का केलंत?"

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. "त्या जिन्यात बसल्या होत्या. मला त्यांना पुन्हा पाठववेना."

मी तो पहिल्या दिवशीचा कागद काढला, पेन त्यांच्याकडे सरकवलं आणि काही बोलले नाही. त्यांनी कोऱ्या बाजूला हळूहळू लिहिलं: 'मी यादी केली.' ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

इतक्या वर्षांत अशा जागा मला पाठ झाल्या आहेत असं म्हटलं तर तो गर्व नाही, सराव आहे. तरी त्या दिवशी मलाही काहीतरी नव्यानं कळलं. माणसाची कामातली ओढ बहुतेक वेळा तो जे 'काम' म्हणून मोजतच नाही त्यात लपलेली असते. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या दोघींनी 2001 मध्ये मांडलेल्या विचारात रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. काम एकच, पण काहीजणी नेमून दिलेली सफाई करून मोकळ्या होत, तर काहीजणी रुग्णांशी आणि भेटायला आलेल्यांशी बोलत, परिचारिकांच्या वेळा पाहून आपलं काम बसवत. दुसऱ्या गटाला तेच काम मोलाचं वाटत होतं. माझा कल पूर्वीपासून याच बाजूचा आहे: आहे त्या कामाच्या कडा आधी हलवून बघाव्यात, दार नंतर उघडावं.

पण एक गोष्ट ठामपणे सांगते. पगार थकत असेल, अपमान रोजचा असेल, छळ होत असेल किंवा खोट्या कागदावर सही करायला लावत असतील, तर कडा हलवत बसू नका. निघायची तयारी करा. आणि काम 'आपलं' मानणं म्हणजे फुकट राबणंही नव्हे. या गृहस्थांनी त्या यादीचा उल्लेख सहा वर्षांत एकदाही वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर केला नव्हता. पहिला गृहपाठ तोच झाला.

दुसरा गृहपाठ साहेबांशी बोलण्याचा. तक्रार घेऊन गेलात तर साहेब बचाव करतात, म्हणून मी नेहमी म्हणते, मागणी घेऊन जा, आणि ती इतकी लहान ठेवा की 'नाही' म्हणायला लाज वाटावी. यांनी मागितलं एवढंच: दर गुरुवारी अर्धा तास नव्या मुलांना फाइल कशी वाचायची हे शिकवू द्या, आणि त्या वेळात माझ्या टेबलावरची नोंदणी दुसऱ्याकडे द्या. दुसरा भाग बहुतेकजण मागायला विसरतात आणि मग महिनाभरात थकतात.

तुमचाही प्रश्न हाच असेल तर राजीनामा लिहिण्याआधी आठवडाभर स्वतःची क्रियापदं ऐका. जेवताना घरच्यांना दिवस सांगता ना, तेव्हाच ऐका. उजवी बाजू कोरी राहिली तर घाबरू नका. कुणी न सांगता काय केलं ते आठवा, आणि आठवत नसेल तर शेजारच्या टेबलाला विचारा. यांचं उत्तर तरी कुठे त्यांच्याजवळ होतं? ते ड्रॉवरमध्ये होतं.

आठ महिन्यांनी ते पुन्हा आले. पहिली पंधरा मिनिटं साहेबांबद्दलच बोलले. ते काही फारसं बदललं नव्हतं. मग म्हणाले, "प्रशिक्षण विभागासाठी मी अर्ज केला होता. नाकारला."

"मग?"

"मी कारण विचारलं. म्हणाले, शिकवण्याचा अनुभव कमी आहे. म्हटलं, मग गुरुवारचे तास लेखी धरा. पुढच्या वर्षी पुन्हा येतो."